पाणी कापण्याची विद्या

पाण्यात पडले की पोहता येते, असे आपल्याकडे म्हणतात. आणि गावाकडच्या विहिरीत कमरेला भोपळा बांधून, मामाच्या किंवा थोरल्या भावाच्या देखरेखीखाली ज्यांनी पहिले हातपाय मारले, त्यांना या म्हणीतील निम्मे सत्य तरी पटलेले असते. उरलेले निम्मे सत्य पुष्कळ उशिरा उमगते, आणि पुष्कळांना कधीच उमगत नाही. जीव वाचविण्यापुरते तरंगणे ही एक गोष्ट, आणि पाण्याशी न झगडता, दम राखून, थोड्या श्रमात लांबचा पल्ला गाठणे ही सर्वस्वी निराळी गोष्ट. पहिली भीतीपोटी साधते, दुसरी विद्या आहे आणि तिला इतिहास आहे. आज जगातील प्रत्येक तलावावर जिला मुक्तशैली किंवा सरळ ‘फ्रीस्टाइल’ म्हणतात आणि जिचे खरे नाव ‘क्रॉल’ असे आहे, ती पोहण्याची रीत युरोपीय लोकांच्या नजरेस पडल्यापासून त्यांच्या अंगवळणी पडेपर्यंत सुमारे ऐंशी वर्षांचा काळ लोटला. हा विलंब बाहूंच्या दुर्बलतेमुळे झाला नाही, तो डोळ्यांच्या दोषामुळे झाला, असे या विषयाचा माग काढता काढता माझे मत झाले आहे.

एकामागून एक हात पाण्याबाहेर काढून पुढे टाकण्याची रीत फार प्राचीन आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये निमरूद येथील असीरियन राजाच्या प्रासादातील, ख्रिस्तपूर्व नवव्या शतकातील शिल्पपट आहेत. त्यांतील एकात शत्रूच्या बाणांतून निसटून नदी ओलांडणारे पुरुष कोरलेले आहेत. आपल्याकडच्या भोपळ्याच्या जागी तेथे पखालीसारखी फुगविलेली कातडी छातीशी धरलेली दिसतात. पण त्यांतल्या एकाचे हात आळीपाळीने पुढे जात असावेत अशीच त्याच्या देहाची ठेवण आहे. पुढे मात्र युरोपात ही रीत मागे पडली. 1571 साली केंब्रिजच्या कुलगुरूंनी विद्यार्थ्यांनी पाण्यात उतरू नये असे फर्मान काढले आणि ते मोडणारास फटक्यांची शिक्षा ठरविली; त्याच केंब्रिजमध्ये एव्हरार्ड डिग्बी नावाच्या पंडिताने 1587 साली पोहण्याच्या कलेवर लॅटिन भाषेत सचित्र ग्रंथ लिहिला, ही त्या शास्त्राच्या मंडनाची इंग्लंडमधील सुरुवात म्हणावी लागेल. त्यानंतरच्या काळात जी रीत तेथे शिष्टसंमत ठरली ती बेडकाच्या चालीची: तोंड कोरडे, मान वर, दोन्ही हात एकदम पुढे आणि एकदम बाजूला, दोन्ही पाय एकदम आखडून एकदम फाकलेले. या रीतीत समोरचे दिसते, श्वास मोकळा राहतो आणि पाणी फारसे उडत नाही; एखाद्या सभ्य गृहस्थाने नदीत उतरावे ते याच चालीने, असा शिरस्ता पडून गेला.

या शिरस्त्याला पहिला धक्का 1844 साली लंडनमध्ये बसला. उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे जमातीचे काही लोक त्या वर्षी तेथे आले होते. त्यांच्यापैकी दोघांना, ज्यांची नावे इंग्रजीत ‘उडता कुरव पक्षी’ आणि ‘तंबाखू’ अशा अर्थाची नोंदली गेली आहेत, हॉलबर्न येथील स्नानगृहात शर्यतीसाठी उतरविण्यात आले. पहिल्याने सुमारे 130 फुटांची लांबी अर्ध्या मिनिटात कापली आणि पदक पटकावले. पाहणाऱ्यांनी मात्र जे लिहून ठेवले त्यात कौतुकापेक्षा नापसंतीच अधिक आहे: हात पवनचक्कीच्या पात्यांसारखे फिरतात, पाय वरखाली आपटतात, तोंडाने जोराने फुंकर टाकली जाते, आणि हे सारे युरोपीय पद्धतीला अगदी सोडून आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. त्यानंतर एका इंग्रज जलतरणपटूने बेडूकचालीने त्या दोघांनाही मागे टाकले, असेही नमूद आहे, आणि हे दडविण्याचे कारण नाही; त्या एका विजयाने इंग्रजांचे समाधान झाले आणि प्रकरण निकालात निघाले. वास्तविक त्या वर्णनातच क्रॉलची बहुतेक सर्व अंगे आलेली होती. हात आळीपाळीने, पाय वरखाली, श्वास जोराने बाहेर! ज्यांनी ते वर्णन लिहिले त्यांनी पाहिले सर्व, पण तोलले काहीच नाही.

पुढे 1873 च्या ऑगस्टमध्ये लंडनच्याच लँबेथ स्नानगृहात जॉन आर्थर ट्रजन या तरुणाने दोन्ही हात आळीपाळीने पाण्याबाहेरून फेकत शर्यत जिंकली आणि प्रेक्षक थक्क झाले. ही हातफेक त्याने दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनातील मुक्कामात, तेथील मूळ रहिवाशांकडून उचलली होती. परंतु हात उचलताना त्याने पायांकडे लक्ष दिले नाही. पाय त्याने घरचेच, म्हणजे बेडकाचे, ठेवले. परिणामी दर झटक्याला त्याचे शरीर छातीपर्यंत वर उसळे, मग खाली बसे, मग पुन्हा उसळे. वेग वाढला, पण तो हिसक्याहिसक्यांचा. त्याच्या नावाने ही रीत पुढे पंचवीस-तीस वर्षे चालली. याच सुमारास, 1875 च्या ऑगस्टमध्ये, कॅप्टन मॅथ्यू वेबने डोव्हरहून निघून 21 तास 45 मिनिटांत इंग्लिश खाडी पार केली, तीही बेडूकचालीने, आणि त्या अचाट पराक्रमाने जुन्या रीतीची प्रतिष्ठा आणखी एका पिढीपुरती पक्की करून टाकली.

येथे थोडे थांबून पायांचा हिशेब मांडला पाहिजे, कारण सारी ग्यानबाची मेख तेथेच आहे. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट घन आहे; आणि त्यात पुढे सरकणाऱ्या शरीराला होणारा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट करावयाचा तर विरोध चौपट सोसावा लागतो. अशा माध्यमात बळ वाढवून मिळणारा लाभ तुटपुंजा आणि विरोध घटवून मिळणारा लाभ मोठा. बेडूकचालीत गुडघे पोटाकडे ओढले की मांड्यांची भिंत प्रवाहाला आडवी येते आणि आधीच्या झटक्याने मिळविलेली गती बहुतांशी तेथल्या तेथे गमावली जाते. कमावायचे आणि उधळायचे, असा हा व्यवहार. त्याऐवजी पाय जवळजवळ सरळ ठेवून, नितंबापासून हलवीत, घोटे सैल सोडून वरखाली चालविले, तर ते फारसे पुढे ढकलतात असे नाही, परंतु ते शरीर पृष्ठभागाशी समांतर राखतात आणि विरोध घटवितात. हे पाय मारण्याचे मुख्य काम.

हा हिशेब कोणा विद्वानाने प्रथम मांडला नाही. तो एका मुलाने, त्याला हिशेब न म्हणता, करून दाखविला. ॲलिक विकहॅम हा सॉलोमन बेटांवरचा. बाप इंग्रज व्यापारी, आई तेथलीच. तो शिक्षणासाठी सिडनीला आला आणि शतकाच्या अखेरीस ब्राँटी येथील सागरी स्नानतलावात लहान मुलांच्या शर्यतीत उतरला. त्याच्या बेटांवर मुले जशी पोहत तसाच तो पोहला: तोंड पाण्यात, हात झपझप, आणि पाय त्या हातांच्या तालावर वरखाली. काठावर उभा असलेला एक प्रशिक्षक तो पोरगा पाण्यावरून कसा रांगतो आहे ते पाहा, अशा अर्थाचे ओरडला, आणि त्या रांगण्यावरूनच ‘क्रॉल’ हे नाव पडले, अशी कथा सांगतात. नावाची उपपत्ती कशीही असो, या वेळी काठावर पाहणारे डोळे निराळे होते. सिडनीत फ्रेडरिक कॅव्हिल नावाचा जलतरण-शिक्षक आपल्या मुलांसह स्थायिक झालेला होता. ही मुले पाण्यातच वाढलेली. त्यांच्यापैकी एकाने पाय बांधून घेऊन शर्यत जिंकली आणि पाय मोकळे सोडून पुन्हा पोहला तेव्हा तो हरला, अशी आख्यायिका आहे. म्हणजे जुने पाय असण्यापेक्षा पाय नसलेले बरे, हा धडा त्या घराला स्वतःच्याच अंगावर मिळाला. धाकट्या डिकने विकहॅमची रीत उचलली, तिला आपल्या अंगाचे वळण दिले आणि 1902 साली इंग्लंडमध्ये 100 यार्डांचे अंतर एक मिनिटाच्या आत कापले.

यानंतरची प्रगती झपाट्याची आहे आणि ती थोडक्यात सांगता येते. अमेरिकेत चार्ल्स डॅनियल्सने हातांच्या एका फेऱ्यात पायांचे सहा ठोके बसविले आणि 1908 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये 100 मीटरचे सुवर्णपदक मिळविले. 1912 साली स्टॉकहोममध्ये हवाई बेटांचा ड्यूक कहानामोकू 1 मिनिट 3.4 सेकंदांत पहिला आला. त्याला पायांची ही चाल कोणी शिकविली नव्हती, ती त्याच्या बेटांची होती. 1922 साली जॉनी वाइसमुलरने 100 मीटर 58.6 सेकंदांत तोडून मिनिटाचा उंबरठा ओलांडला आणि 1924 साली पॅरिसमध्ये खुद्द ड्यूकला दुसऱ्या क्रमांकावर ढकलले.

तरीसुद्धा जाणकारांचा एक आक्षेप शिल्लक होता, आणि तो अगदीच निराधार नव्हता. ही चाल लहान पल्ल्याची आहे, लांब पल्ल्यात श्वास पुरत नाही, माणूस गुदमरतो, असे म्हणत. त्याचे उत्तर न्यूयॉर्कच्या गर्ट्रूड एडर्लीने 6 ऑगस्ट 1926 रोजी दिले. तिच्यापूर्वी केवळ पाच पुरुषांनी इंग्लिश खाडी पोहून पार केली होती आणि त्यांच्यातील सर्वांत वेगवानाला साडेसोळा तासांहून अधिक वेळ लागला होता. एडर्ली फ्रान्सच्या किनाऱ्यावरून सकाळी निघाली, खवळलेल्या समुद्रात क्रॉलच्या चालीने पोहत राहिली आणि साधारण साडेचौदा तासांनी इंग्लंडच्या किनाऱ्याला लागली. वीस वर्षे वयाच्या मुलीने सगळ्या पुरुषांचा उच्चांक दोन तासांनी मोडला! श्वास पाण्यातच सोडायचा आणि तोंड फक्त घेण्यापुरते कडेला वळवायचे, एवढ्या एका सवयीने लांब पल्ला या चालीच्या आवाक्यात येतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. पुढे 1932 च्या लॉस अँजेलिस ऑलिंपिकमध्ये अंगकाठीने लहान असलेल्या जपानी मुलांनी पुरुषांच्या सहांपैकी पाच शर्यती जिंकल्या, आणि 1500 मीटरचा विजेता कुसुओ कितामुरा अवघा चौदा वर्षांचा होता. धिप्पाड देह हीच या विद्येची पूर्वअट, हा समजही त्यामुळे मागे पडला.

शेवटचा महत्त्वाचा फेर अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात पडला. जेम्स कौन्सिलमन या प्रशिक्षकाने पाण्याखाली चित्रण करून, आणि अंधाऱ्या तलावात पोहणाऱ्यांच्या हातांना बारीक दिवे लावून, हात पाण्यात नेमका कोणत्या मार्गाने जातो ते टिपले. 1968 साली त्याचा जलतरणशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हात सरळ मागे ओढला जातो असे जे सर्वांना वाटत होते ते छायाचित्रांनी खोटे ठरविले. उत्तम पोहणाऱ्याचा हात वळसे घेत जातो आणि पाण्यात जेथे शिरतो जवळजवळ तेथूनच बाहेर पडतो, म्हणजे हात पाण्याला मागे नेत नाही, हात पाण्याला धरतो आणि देह त्याच्यावरून पुढे सरकतो. या वळशांचे जे कारण त्याने दिले, विमानाच्या पंखासारखी उचल मिळते हे, त्याला पुढच्या अभ्यासकांनी बरीच मुरड घातली आणि तळव्याने सरळ मागे दाबलेल्या पाण्याला अधिक श्रेय दिले. परंतु पाहण्याची रीत त्याने शिकविली ती टिकली. 1979 साली, वयाच्या 58 व्या वर्षी, तो स्वतः इंग्लिश खाडी पोहून गेला.

गेल्या उन्हाळ्यात एका सार्वजनिक तलावावर मी हे सारे एका पंधरा मिनिटांच्या शिकवणीत पाहिले. बारा-तेरा वर्षांचा मुलगा 25 मीटरची लांबी मोठ्या त्वेषाने पोहून आला आणि धापा टाकीत कठड्याला लोंबकळला. वयस्क शिक्षकांनी त्याला वेळ विचारली नाही. हात किती पडले ते विचारले. मुलाने मोजले नव्हते, त्यांनी मोजले होते: एकोणतीस. ‘अरे, मान वर काढलीस की पाय बुडाले, पाय बुडाले की सगळे पाणी छातीवर आले. तळाकडे बघ. हात पुढे गेला की घाई करू नकोस, खांदा जाऊ दे त्याच्यामागे. कोपर पडू देऊ नकोस. आधी पाणी धर, मग ओढ.’ मुलगा पुन्हा गेला. या खेपेला फेस कमी, आवाज कमी, कुशीवर किंचित वळत, लांब लांब हात टाकीत. चोविसाव्या हाताला कठडा लागला, आणि तो पूर्वीपेक्षा उशिरा पोहोचला नव्हता. ओजिब्वे पुरुषांनी, अर्जेंटिनातील नदीकाठच्या लोकांनी, सॉलोमन बेटांवरच्या पोराने जे दाखविले आणि ज्याचा एकेक तुकडा उचलायला जाणत्यांना एकेक पिढी लागली, ते त्या मुलाच्या पदरात उन्हाच्या एका तिरपेत पडत होते.

श्रेयाची वाटणी मात्र समान झालेली नाही. ट्रजनचे नाव इंग्रजी शब्दकोशात गेले; कॅव्हिल घराण्याच्या नावाची नोंद जलतरणाच्या प्रत्येक इतिहासात आहे; हॉलबर्नच्या त्या दोन पुरुषांची आपल्या भाषेतील नावे मात्र फारशी कोणाला ठाऊक नाहीत. ॲलिक विकहॅम 1918 साली मेलबर्नजवळच्या एका कड्यावरून 200 फुटांहून अधिक उंचीची उडी घेऊन पुन्हा एकदा गाजला, नंतर आपल्या बेटांवर परतला आणि 1967 साली होनियारा येथे वारला.