सोळा आसनांची बस

बसथांब्यावर पोहोचल्याबरोबर आपण आधी उभ्या असलेल्या माणसाला एकच प्रश्न विचारतो, 'गेली का हो?' बस केवढी आहे, बाके मऊ आहेत की कडक, याची चौकशी कोणी करीत नाही. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाकडे, डेव्हन परगण्यात, एक्झिटर नावाचे सव्वा लाखाहून थोड्या अधिक वस्तीचे शहर आहे. १९८४ साली तिथे एका बस कंपनीने हा प्रश्न मनावर घेतला, त्याची ही हकीकत.

एक्झिटरमध्ये १९०५ ते १९३१ विजेवरची ट्राम धावली. पुढे नगरपालिकेच्या बसगाड्या होत्या. १९७० मध्ये त्या सरकारी नॅशनल बस कंपनीच्या छत्राखाली आल्या. तोवर ब्रिटनमध्ये घरोघर मोटारी झाल्या होत्या आणि बसचे उतारू वर्षाला वर्ष घटत होते. खर्च वाचवायचा म्हणून कंडक्टर गेला, तिकिटे ड्रायव्हरच देऊ लागला. सरकार नव्या बसच्या खरेदीला अनुदान देत होते, म्हणून गाड्या मोठ्या आल्या. मोठ्या गाडीला भराभर उतारू हवेत. ते नाहीत, म्हणून फेऱ्या कमी. फेऱ्या कमी झाल्या की वाट पाहणे वाढते आणि उरलेले उतारूही पाठ फिरवतात. लहान गावातल्या बससेवा जगभर याच भोवऱ्यात बुडाल्या आहेत.

डेव्हन जनरल कंपनीचे व्यवस्थापक हॅरी ब्लंड्रेड यांनी हे गणित उलटे मांडले. त्यांनी फोर्ड ट्रान्झिट ही मालवाहू व्हॅन घेतली, तिला खिडक्या पाडल्या, आत सोळा आसने बसवली आणि मोठ्या बसच्या जागी अशा गाड्या दर काही मिनिटांनी सोडल्या. वसाहतींच्या अरुंद रस्त्यांवर थांबा असा नाहीच. हात दाखवा, गाडी थांबेल. लोकांनी 'पावाची गाडी' म्हणून थट्टा केली. पण बसू लागले.

आता साधा हिशेब पाहा. बस वीस मिनिटांनी असेल, तर वेळापत्रक न पाहता येणारा माणूस सरासरी दहा मिनिटे उभा राहतो. पाच मिनिटांनी असेल तर अडीच. १९७२ मध्ये हर्बर्ट मोहरिंग या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने हा वाट पाहण्याचा वेळही खर्चच आहे, फक्त तो कंपनीच्या वहीत न येता उतारूच्या खात्यात पडतो, हे मांडले. तो धरला, तर गाड्या लहान आणि फेऱ्या जास्त असाव्यात, असे १९८० मध्ये यान ओवेन यान्सन या स्वीडिश अभ्यासकाने दाखवले. ब्लंड्रेड यांनी ते रस्त्यावर उतरवले, एवढेच.

मग सगळीकडे तसे का झाले नाही? कारण बसच्या खर्चात मोठा वाटा ड्रायव्हरच्या पगाराचा. चौसष्ट आसनांच्या एका गाडीला एक ड्रायव्हर. सोळा आसनांच्या चार गाड्यांना चार. लहान गाडी चालवणाऱ्याला अनेक कंपन्यांनी पगारही लहानच दिला, आणि त्यावर हे गणित जमले. उतारूचा वाचलेला वेळ काही अंशी ड्रायव्हरच्या खिशातून आला, हे मला तरी विसरता येत नाही.

२६ ऑक्टोबर १९८६ ला लंडनबाहेरच्या बससेवा खुल्या स्पर्धेत आल्या. प्रतिस्पर्ध्याला शिरायला फटच राहू नये म्हणून कंपन्यांनी गावोगाव या छोट्या गाड्यांची रांग लावली. पण व्हॅन ती व्हॅनच. दिवसभर थांबत-सुटत धावायला ती बनलेली नव्हती, लवकर झिजली. पायरी उंच, दार अरुंद. बाबागाडी चढवताना आईची तारांबळ, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तर प्रवेशच नाही. त्यात प्रतिसाद वाढला तिथे गर्दीच्या वेळी भरलेली गाडी न थांबता पुढे जाई. पुढची पाच मिनिटांत येते खरी, पण तीही भरलेली असली तर?

१९९० च्या दशकात गाड्या हळूहळू वाढू लागल्या. आधी पंचवीस-एक आसनांच्या, मग पस्तीसच्या आसपास आसनांची डेनिस डार्ट, आणि त्या दशकाच्या मध्यापासून खाली टेकलेल्या, बिनपायरीच्या. डेव्हन जनरल १९९६ मध्ये स्टेजकोचने विकत घेतली. ट्रान्झिट तोवर मागे पडली होती. एक्झिटरकरांना मात्र वेळापत्रक न पाहता घराबाहेर पडायची सवय तिनेच लावली होती.