भिंतीचे वाळणे : इतिहासाचे एक साधन

अंबरनाथ येथील शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा, शिलाहार राजा मुम्मुणी याच्या काळातील लेख आहे. या मंदिराचे बाह्य अलंकरण दगडातच कोरलेले असल्यामुळे ते घडविणाऱ्यास लेप वाळण्याची वाट पाहावी लागली नाही. पुढे १८६८ साली मुंबईच्या कलाशाळेचे टेरी व त्यांचे विद्यार्थी यांनी या शिल्पांची रेखाचित्रे काढली व साचे घेतले. साच्याच्या कामात मात्र लेप किती वेळात धरतो, हाच पहिला प्रश्न असतो. भित्तिलेपनाच्या अभ्यासकांनी या प्रश्नाकडे केवळ कारागिरीची बाब म्हणून पाहिले आहे. वस्तुतः तो इतिहासाचाही प्रश्न आहे, असे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

‘वाळणे’ या एका शब्दाखाली तीन भिन्न क्रिया झाकल्या जातात. मातीच्या लेपातील पाणी उडून जाते, एवढेच त्याचे वाळणे होय; पुन्हा भिजल्यास तो मऊ पडतो. भाजलेल्या जिप्समच्या भुकटीत पाणी घातले की ते पाणी तिच्याशी संयोग पावते व लेप काही मिनिटांतच धरतो. चुना या दोहोंहून निराळा. तो हवेतील कर्बद्विप्राणिद वायू सावकाश शोषून पुन्हा चुनखडीच्या रूपास येतो, व या क्रियेस थोडा ओलावा आवश्यक असतो. चुन्याचा गिलावा उन्हाने एकाएकी सुकला तर तो कठीण न होता भुसभुशीत राहतो. म्हणून जुना गवंडी त्यास वाळवीत नसे, तर हळूहळू वाळू देत असे.

या भेदामुळे श्रमाची मांडणीच बदलते. इटलीतील भित्तिचित्रकार ओल्या चुन्यावर पाण्यात कालविलेला रंग देत. सबब एका दिवसात रंगवून होईल तेवढाच भाग ते लिंपीत. त्या तुकड्यांचे सांधे आजही दिसतात आणि त्यांवरून कामाचे दिवस मोजता येतात. अजिंठ्यास तसे मोजता येत नाही. तेथे माती व वनस्पतींचे तंतू यांच्या लेपावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या बंधकद्रव्यातून रंग दिला असल्याचे विसाव्या शतकात परमशिवन् यांच्या रासायनिक परीक्षणांनी दाखविले. तेथील चित्रकारास घाई नव्हती. परंतु त्यामुळेच रंग भिंतीशी एकजीव झाला नाही व ओलावा त्याचा शत्रू ठरला.

हाच विचार उल्हास नदीच्या खोऱ्यातील अर्वाचीन वस्त्यांस लागू पडतो. कल्याणच्या लष्करी छावणीतील बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित राहावयास आले व १९४९ साली त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ व बदलापूर येथेही पुढे कारखाने आणि चाळी वाढल्या. या भागात जून ते सप्टेंबरपर्यंत हवा बाष्पाने भरलेली असते. सिमेंटच्या गिलाव्यावर कित्येक दिवस पाणी मारावे लागते. उलट वरच्या शोभेच्या लेपास व रंगास भिंत कोरडी लागते. घाईने संगमरवरी भासाचा वा खरबरीत नक्षीचा लेप दिल्यास आतले पाणी क्षार घेऊन बाहेर येते, फुगे धरतात व लोणा दिसू लागतो. नीरूचा, म्हणजे गाळलेल्या चुन्याचा, जुना हात ओलाव्यास वाट देतो. तैलरंग ती वाट अडवितो.

तात्पर्य, भिंतीवरचा पोपडा हा केवळ दोष नसून पुरावा आहे. काम कोणत्या ऋतूत झाले असावे, किती घाईने झाले, कोणत्या थरावर कोणता थर चढला, याचा माग त्यावरून लागू शकतो. या तिन्ही गावांत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. राजवाड्यांच्या भिंतींस अभ्यासक मिळतात. चाळींच्या भिंतींस मिळत नाहीत. त्या पडण्यापूर्वी त्यांच्या थरांची नोंद करणे हे येथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील कार्य आहे.