गुरांच्या औषधातून दिसलेली किडनी

लहान मुलाच्या पोटात गाठ लागली की आधी सोनोग्राफी होते, मग सीटी किंवा एमआरआय. या तपासण्यांची कुळकथा रॉन्टगेनच्या १८९५ च्या एक्स-रेच्या शोधापासून सांगायची पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. माक्स विल्म्सने १८९९ साली किडनीच्या ज्या गाठींवर ग्रंथ लिहिला, त्या साध्या एक्स-रेत शेजारच्या मांसापासून वेगळ्या ओळखू येत नसत. किडनीला दृश्य रूप मिळालं ते जंतूंवरच्या औषधांमुळे.

बिन्झ आणि रेट या जर्मन रसायनतज्ज्ञांनी १९२० च्या दशकात आयोडीन जोडलेली काही संयुगं केली. त्यांतलं सिलेक्टान गाईंच्या कासदाहावर, म्हणजे आपल्याकडच्या ‘दगडी’वर, वापरलं जाई. जर्मनीतल्या आल्टोनाच्या रुग्णालयात डॉक्टर लिख्टविट्झ ते माणसांच्या जंतुसंसर्गावर देऊन पाहत होते. तिथे आलेल्या मोझेस स्विक या तरुण अमेरिकन डॉक्टरच्या मनात आलं, की आयोडीन लघवीतून जात असेल तर वाटेत किडनीची सावलीही पडेल. त्यातूनच बर्लिनमध्ये युरोसिलेक्टान आलं आणि १९२९ मध्ये शिरेतल्या इंजेक्शनने किडनीचा स्पष्ट फोटो निघाला. श्रेयावरून स्विक आणि बर्लिनचे मूत्ररोगतज्ज्ञ फॉन लिख्टेनबेर्ग यांच्यात दीर्घ वाद झाला. माझा कौल स्विकला, कारण मूळ कल्पना त्याची.

लिख्टेनबेर्गच्या बाजूने म्हणता येईल, की फ्योल्करबरोबर त्यांनी १९०६ मध्येच मूत्रमार्गातून नळी घालून किडनीत कोलार्गोल सोडलं होतं. पण कोलार्गोल हेही चांदीचं जंतुनाशकच होतं. १९२३ मध्ये मेयो क्लिनिकने मूत्राशयाची सावली दाखवली, ती गर्मीच्या (सिफिलिसच्या) रोग्यांना दिलेल्या सोडियम आयोडाइडमुळे. तिन्ही वेळा औषधच कसं? हा योगायोग नव्हे. चांदी आणि आयोडीन जंतुनाशक म्हणून आधीपासून वापरात होती आणि त्यांचे जड अणू क्ष-किरण अडवतात. शिवाय माणसाला आधीच दिलेलं औषध पुन्हा देताना डॉक्टरचा हात कचरत नाही. पुढची द्रव्यं खास फोटोसाठीच घडवली गेली, हा आक्षेप खरा आहे. पण वलयाकार रेणूला आयोडीन जोडण्याची सिलेक्टानमधली युक्ती तीच राहिली.

मुलांना याचा मोठा लाभ झाला. नळीऐवजी सुई पुरू लागली. विल्म्सच्या नावाने ओळखली जाणारी गाठ किडनीच्या आतल्या पोकळ्या ताणते, वाकवते. किडनीबाहेर वाढणारी न्यूरोब्लास्टोमाची गाठ बहुधा अख्खी किडनी खाली ढकलते. हा फरक फोटोत दिसू लागला. युरोपातल्या सिओप (बालकर्करोग तज्ज्ञांची संघटना) पद्धतीत आज विल्म्सची गाठ असलेल्या बहुतेक मुलांना गाठीचा तुकडा न काढता, चित्रांच्या आधारावरच आधी केमोथेरपी देतात आणि सीटीसाठी शिरेत सोडतात ते आयोडीनचंच द्रव्य.