पक्ष्याच्या पायातले वाळे

दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावच्या रानात 2016 च्या आरंभी माकडे मरून पडू लागली. मागोमाग माणसांना ताप आला. दिवस काजूचे, बी गोळा करायला माणसे पाचोळ्यात शिरत होती आणि पाचोळ्यात गोचिडी होत्या. पुढच्या वर्षी ताप बांद्याकडे सरकला. सिंधुदुर्गात ‘माकडताप’ हा शब्द घरोघरी पोचला तो तेव्हा. पण या तापाची कुंडली तेव्हाच साठ वर्षे जुनी होती आणि तिच्यात एक घर हेरगिरीच्या संशयाचे आहे.

पहिली नोंद 1957 ची. शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे मेली आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने नवा विषाणू शोधून काढला. हे केंद्र 1952 मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून उभारलेले. विषाणू निघाला रशियातल्या गोचीडजन्य मेंदूज्वराच्या कुळातला. सैबेरियातला हा भाऊबंद सह्याद्रीत पोचला कसा? केंद्राचे संचालक टेलफर्ड वर्क यांना स्थलांतरित पक्ष्यांची शंका आली.

पक्षी म्हटले की मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि सालिम अली. काम सुरू झाले ते जागतिक आरोग्य संघटनेच्या पैशावर. पक्षी जाळ्यात धरायचा, अंगावरच्या गोचिडी वेचायच्या, रक्ताचा नमुना घ्यायचा, पायात अ‍ॅल्युमिनियमचे वाळे अडकवायचे आणि सोडून द्यायचा. वाळ्यावर क्रमांक आणि ‘सोसायटीला कळवा’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर. सालिम अलींना पक्ष्यांच्या वाटा हव्या होत्या, विषाणूवाल्यांना गोचिडी. पुढे आरोग्य संघटनेचा हात आखडला, तेव्हा मदतीला आला ‘मॅप्स’ हा स्थलांतरित प्राण्यांच्या रोगांची पाहणी करणारा प्रकल्प. अमेरिकन पक्षीतज्ज्ञ एलियट मॅक्लुअर तो बँकॉकहून चालवत. पैसा अमेरिकन लष्कराचा.

जुलै 1974 मध्ये पीटीआयच्या बातमीने या सगळ्याला वाचा फुटली. ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी हाती घेतली. तिचा 167 वा अहवाल 1975 चा. विषय भारतातल्या संशोधनातला परदेशी सहभाग. चौकशीत आलेले दिल्लीचे डासांच्या जनुकीय नियंत्रणाचे केंद्र पीएल-480 च्या, म्हणजे अमेरिकन धान्यमदतीतून जमलेल्या रुपयांवर चालले होते. सोनीपतला पीतज्वर वाहणाऱ्या जातीचे डास सोडायचा त्याचा बेत होता. पीतज्वर भारतात नाही, मग नेमकी हीच जात का, असा प्रश्न उठला. पक्ष्यांचा प्रकल्पही त्याच आरोपीच्या पिंजऱ्यात आला: पक्ष्यांच्या वाटा कळल्या, तर जंतुयुद्ध करणाऱ्याला त्या उपयोगी पडणार नाहीत कशावरून?

सालिम अलींनी आरोप फेटाळले. अहवाल बारकाईने वाचला तर त्यात शक्यता आहेत, शस्त्र बनवल्याचा पुरावा नाही. तरीही संशय हवेतला नव्हता. स्मिथसोनियन संस्थेच्या प्रशांत महासागरातल्या पक्षी-पाहणीला अमेरिकेच्या जंतुयुद्ध केंद्राचा, फोर्ट डेट्रिकचा पैसा होता, हे 1969 मध्येच उघड झाले होते. समितीचा खरा ठपका पक्षीतज्ज्ञांपेक्षा सरकारवर बसतो. अशा करारांची छाननी ढिली होती. पक्ष्याच्या पायात वाळे होते, पैशाच्या पायात नव्हते.

सोनीपतचे डास सुटलेच नाहीत. केंद्र 1975 मध्ये गुंडाळले गेले. संशयाचा भोवरा मात्र थांबला नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या बंगळूरच्या केंद्राने नागालँडमध्ये वटवाघळांचा अभ्यास केला. 2019 मध्ये छापलेल्या त्या लेखात वुहानच्या विषाणू संस्थेतल्या शास्त्रज्ञांची नावे होती आणि निधीत अमेरिकन संरक्षण खात्याचा उल्लेख होता. 2020 मध्ये चौकशी झाली. नमुने बाहेर गेले नाहीत, असा खुलासा केंद्राला करावा लागला. प्रश्न तेच, 1975 चे: पैसा कोणाचा, नमुना कोणाच्या ताब्यात, उत्तर कोणाला आधी कळणार? हे कामाआधी लिहून ठेवले, तर नंतर खुलासे छापावे लागत नाहीत.

पक्ष्यांनी हा विषाणू आणला, हे सिद्ध झाले नाही. आणि सिंधुदुर्गातल्या आजाऱ्यांचे रक्त तपासायला गेले ते पुण्याच्या त्याच संस्थेत. आता तिचे नाव राष्ट्रीय विषाणू संस्था. ती उभी राहिली तेव्हा तिच्यात अमेरिकेचा पैसा होता. पैसेवाले कधीच निघून गेले. हातचे कसब इथे राहिले, म्हणून केरच्या तापाला नाव मिळाले.