भिंतीवरचे देवधन

गोमंतकातील देवालयाच्या प्राकारात पाऊल टाकताच मूर्तीच्या आधी दृष्टीस पडतो तो दीपस्तंभ. गाभाऱ्यात प्रवेश मोजक्यांना. दीपस्तंभ, तळी आणि भिंतीवरील कावीकाम ही मात्र जत्रेस आलेल्या प्रत्येकाची. ‘सार्वजनिक कला’ हा शब्द आमच्याकडे नवा असेल. वस्तू नवी नव्हे.

तिच्यामागे विस्थापनाचा इतिहास आहे. १५६० मध्ये कुठ्ठाळीचा श्रीमंगेश प्रियोळास आला. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. पोर्तुगीज सत्तेच्या हातून वाचविलेल्या या दैवतांना आरंभी साधा निवारा मिळाला. पुढे शाहू छत्रपतींच्या काळात कवळ्याचे देवालय नव्याने उभे राहिले. मंगेशीच्या प्रांगणात आज सात मजली दीपस्तंभ आहे. ज्या देवांना लपवून न्यावे लागले, त्यांच्या दारी दुरून दिसणारा प्रकाश उभा राहिला, यातील अर्थ आम्हांस फार मोठा वाटतो.

कावीकाम त्याहून अबोल. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या हुरमुंजीचा थर द्यावयाचा आणि तो ओला आहे तोवर अणकुचीदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा रंग उघडा करावयाचा, ही त्याची रीत. वेलबुट्टी, पशुपक्षी, पुराणातील प्रसंग त्यातून उमटतात. अक्षरओळख नसलेल्या भाविकाची पोथी ती हीच.

एका देवालयात अशी भिंत आम्ही पाहिली होती. काही वर्षांनी गेलो, तो तेथे गुळगुळीत फरश्या! चौकशी करता उत्तर मिळाले, “जीर्णोद्धार केला.” चांदीची समई हरवली असती तर खजिनदारास जाब विचारला गेला असता; भिंतीचा जाब कोणीच विचारला नाही.

१९३३ च्या देवस्थान नियमावलीने महाजनांस कारभार सोपविला आहे. देवाच्या वस्तूची मालकी नव्हे. विश्वस्ताने ठेव राखावयाची असते. भिंतीवरील कावी ही अशीच ठेव होय.

जीर्णोद्धारास आमचा विरोध नाही. नार्व्याच्या श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय शिवछत्रपतींनी १६६८ मध्ये उभारविले. त्याच वास्तूचे जतन करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. जुने राखूनही नवे बळ देता येते, याचा हा दाखला. म्हणून आमची महाजनांस एवढीच विनंती, की देवाच्या दागिन्यांच्या यादीत त्याच्या भिंतीही लिहाव्या. हातोडा त्यानंतर उचलावा.