कोल्हापूरचीं चित्रें व लिलावाचा हातोडा

लिलाव हा शब्द कोल्हापूरच्या माणसास नवा नाहीं. शाहू महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली. तेव्हांपासून गुळाचे सौदे या शहराच्या कानीं नित्याचे झाले आहेत. रव्याचा रंग पाहावा, एक कण जिभेवर ठेवावा, आणि मग भाव पुकारावा, अशी ती रीत. तेथें माल समोर असतो व त्याची पारख चार अनुभवी माणसांस बहुधा सारखीच येते. लिलावाचा दुसरा अर्थ कडू आहे. तो सावकाराच्या जप्तीचा. बाबूराव पेंटर यांनीं १९२५ सालीं 'सावकारी पाश' हा मूकपट काढला तो याच दुःखावर. सावकाराच्या कपटानें जमीन गमावलेला शेतकरी त्यांत गांव सोडून गिरणीचा मजूर होतो. तो पट काढणारा गृहस्थ हाडाचा चित्रकार होता, हें ध्यानांत ठेवून आपण तिसऱ्या अर्थाकडे, म्हणजे चित्रांच्या लिलावाकडे, वळूं. 'कलापूर' हें बिरुद मिरविणाऱ्या शहराच्या चित्रकारांचीं नांवें या लिलावांतील मोठमोठ्या आंकड्यांजवळ कां आढळत नाहींत, हा आमचा प्रश्न आहे.

युरोपांत हा व्यापार जुना आहे. सोदबी यांची पेढी १७४४ सालीं व क्रिस्टी यांची १७६६ सालीं लंडनला निघाली. आपल्याकडील आधुनिक चित्रें मात्र या बाजारांत अलीकडे चढलीं. २००० सालीं मुंबईंत सॅफ्रनआर्ट ही लिलावपेढी निघाली. २००२ मध्यें तय्यब मेहता यांचें 'सेलिब्रेशन' हें चित्र ३,१७,५०० डॉलरला गेलें, आणि तीन वर्षांनीं त्यांच्याच 'महिषासुर' चित्रानें पंधरा लक्ष डॉलरची मर्यादा ओलांडली. १९ डिसेंबर २०१३ रोजीं क्रिस्टीच्या पेढीनें मुंबईंत पहिला लिलाव केला, तेव्हां नागपुरास जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचें एक चित्र २३ कोटी ७० लक्ष रुपयांस विकलें गेलें. गायतोंडे २००१ सालींच वारले होते. त्या रकमेंतला एक पैसाही त्यांच्या हातीं पडणें शक्य नव्हतें.

परंतु सर्वांत बोलकी कथा पंढरपुरास जन्मलेल्या मकबूल फिदा हुसेन यांच्या 'ग्रामयात्रा' या चित्राची आहे. तेरा दृश्यखंडांचें, सुमारें चौदा फूट रुंदीचें हें चित्र त्यांनीं १९५४ सालीं रंगविलें. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कामासाठीं दिल्लीस आलेले डॉक्टर लिओन व्होलोडार्स्की यांनीं तें विकत घेतलें व नॉर्वेला नेलें; १९६४ मध्यें तें ओस्लोच्या विद्यापीठ-रुग्णालयाकडे गेलें. तेथें तें कित्येक वर्षें जगाच्या नजरेआड, इमारतीच्या आंतल्या एका बोळांत टांगलेलें होतें. मार्च २०२५ मध्यें न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यास १ कोटी ३७ लक्ष ५० हजार डॉलर आले. बोळांतलें चित्र व हातोडा पडल्यावरचें चित्र यांत रंगाचा एक ठिपकाही बदललेला नव्हता. मग ही किंमत कशाची? कांहीं अंशीं हुसेन यांच्या हाताची, कांहीं अंशीं धनिकांच्या चढाओढीची; पण या दोहोंच्या खालीं एक तिसरी गोष्ट आहे, ती म्हणजे कागद. चित्र कोणीं घेतलें, केव्हां घेतलें, कोणाकडे गेलें, ही सांखळी एका ठिकाणींही तुटलेली नव्हती.

लिलावाची छापील सूचि ज्यांनीं चाळली असेल त्यांच्या ध्यानीं हें आलेंच असेल. चित्राच्या छायाचित्राखालीं माप व माध्यम येतें, मग अंदाजी किंमतीचे दोन आंकडे, एक खालचा व एक वरचा. विकणाऱ्यानें ठरविलेली किमान किंमत मात्र गुप्त राहते. बोली तिच्या खालीं थांबली तर चित्र मालकाकडे परत जातें. त्यानंतर येते ती चित्राची वंशावळ : पहिला मालक, दुसरा मालक, कोणत्या प्रदर्शनांत मांडलें, कोणत्या पुस्तकांत छापलें. आमच्या मतें हातोडा चित्रापेक्षां या वंशावळीचीच परीक्षा अधिक घेतो. गुळाच्या सौद्यांत रव्याची वंशावळ कोणी विचारीत नाहीं. येथें तिच्यावांचून पान हालत नाहीं.

आतां कोल्हापुराकडे पाहूं. आबालाल रहिमान हे कुराणाच्या प्रती लिहिणाऱ्या घराण्यांतले. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकून त्यांनीं १८८८ मध्यें व्हाइसरॉयचें पदक मिळविलें, आणि मुंबईंत नांव काढण्याचा रस्ता मोकळा असतांही ते कोल्हापुरास परतले. शाहू महाराजांनीं त्यांस दरबारचे चित्रकार केलें. कोटितीर्थाच्या कांठीं राहावें, रंकाळा, पंचगंगा, झाडें, ऊन, पाणी यांत दिवसचे दिवस बुडून जावें, हें त्यांचें आयुष्य. चित्रांचा हिशोब ठेवणें, तीं प्रदर्शनांस धाडणें, गिऱ्हाईक शोधणें, हें त्यांच्या स्वभावांतच नव्हतें. १९२२ सालीं महाराज वारले, तेव्हां दुःखाच्या भरांत त्यांनीं आपलीं हजारों चित्रें कोटितीर्थांत बुडविलीं, असें कोल्हापुरांत सांगतात. संख्येंत दंतकथेनें भर घातली असेल. पण एवढ्या दीर्घ उद्योगांतून आज मोजकींच चित्रें उरलीं आहेत, ही कांहीं दंतकथा नव्हे. १९३१ सालीं आबालाल गेले.

शाहू महाराजांच्या गुणग्राहकतेविषयीं आम्हांस पूर्ण आदर आहे. तरीही राजाश्रयाचा हा दोष आम्हांस मोठा वाटतो. ज्यास वेतन मिळतें त्यास चित्र विकावें लागत नाहीं, हें सुख खरें; पण न विकलेल्या चित्रास पावती नसते, आणि राजा गेला म्हणजे त्या चित्राचा साक्षीदारच जातो.

याउलट महादेव विश्वनाथ धुरंधर. १८ मार्च १८६७ रोजीं कोल्हापुरांतच जन्मलेल्या या चित्रकारानें मुंबई धरली, जे. जे. कलाशाळेंत आधीं विद्यार्थी व मग शिक्षक म्हणून एकेचाळीस वर्षें काढलीं. १८९५ मध्यें बाँबे आर्ट सोसायटीचें सुवर्णपदक मिळविलें. आणि १९४० सालीं 'कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षें' हें आत्मवृत्तही लिहून ठेविलें. पोस्टकार्डें असोत, पुस्तकांतील चित्रें असोत, त्यांच्या कामाचा कोठें ना कोठें छापील माग राहिला. १९४४ मध्यें ते वारले, आणि २०१८ मध्यें मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयांत त्यांच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन भरूं शकलें. धुरंधर हे आबालालांहून थोर होते काय? पाण्यावरचा उजेड पकडण्याच्या बाबतींत आम्ही तरी आबालालांसच वर बसवूं. परंतु बाजारास धुरंधर सांपडतात, आबालाल सांपडत नाहींत.

बाबूराव पेंटरांची गोष्ट आणखी निराळी. त्यांची व त्यांचे आप्त आनंदराव यांची पहिली कीर्ति नाटकांच्या पडद्यांची. आणि पडदा हा गुंडाळून, उलगडून, गांवोगांव हिंडून विरण्यासाठींच असतो. पुढें चित्रपटांचीं भित्तिपत्रें आलीं. एक पावसाळा झाला कीं तीं गेलीं. हुसेन यांनींही उमेदीच्या काळांत मुंबईंत सिनेमाचे फलकच रंगविले, पण त्यांच्या मागें १९४७ चें प्रोग्रेसिव्ह मंडळ, गॅलऱ्या व टीकाकार उभे राहिले. कोल्हापुरांत चित्रकार होते, शिष्य होते, रसिकही होते, दलाल नव्हता. हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा उच्चारतात. पण चित्रांची वही ठेवणारा पहिला माणूस बहुधा तोच असतो.

कायद्यानेंही या शहरास फारसें कांहीं दिलें नाहीं. १९७२ च्या पुरावस्तु व कलासंपत्तीविषयींच्या कायद्यान्वयें ज्या नऊ चित्रकारांच्या कृती देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, त्यांत रविवर्मा, अमृता शेर-गिल, जामिनी रॉय, नंदलाल बोस, टागोर घराण्यांतले तिघे आहेत; महाराष्ट्रांतला एकही नाहीं. १९९४ च्या दुरुस्तीनें चित्र पुन्हां विकलें गेल्यास कलावंतास वा त्याच्या वारसांस दहा टक्क्यांपर्यंत वांटा देण्याची तरतूद झाली. आबालालांच्या चित्रांवरील हक्काची मुदत तोंवर संपून गेली होती.

भाव चढला म्हणजे चित्र धनिकाच्या तिजोरींत जातें, हा आक्षेप आम्हांस ठाऊक आहे, आणि तो खोटा नाहीं. मार्च २०१९ मध्यें आयकर खात्यानें एका फरारी हिरे-व्यापाऱ्याचीं जप्त चित्रें मुंबईंत लिलावांत काढून पन्नास कोटींहून अधिक रुपये मिळविले, तेव्हां गायतोंडे व रविवर्मा कोणाच्या घरीं जाऊन बसले होते हें लोकांस कळलें. जप्तीचा लिलाव व चित्रांचा लिलाव हे दोन्ही अर्थ त्या दिवशीं एक झाले. तरी तिजोरींतलें चित्र निदान कोरडें असतें. ज्यास भाव नाहीं त्याची गत कोल्हापूरच्या पावसाळ्यास विचारावी : माळ्यावरची वाळवी, ओली भिंत, आणि घराची वांटणी होतांना चौकट ठेवून घेऊन फेंकलेला कॅनव्हास. आबालालांचीं जीं चित्रें टाऊन हॉलच्या संग्रहालयांत पोंचलीं तीं या दोन्ही गतींतून सुटलीं, व कोणासही तीं जाऊन पाहतां येतात.

बाकीचीं असतील तीं घरोघर. असें एखादें चित्र ज्यांच्या भिंतीवर असेल त्यांनीं, घरांतलें वृद्ध माणूस बोलतें-चालतें आहे तोंवर, त्याच्याकडून लिहून घ्यावें : तें कोणीं दिलें, कोणत्या सालीं, कशाबद्दल, आधीं कोठें होतें, कोणकोणीं पाहिलें. खालीं सही व तारीख घालावी, चित्राचें छायाचित्र जोडावें, आणि एक प्रत संग्रहालयाकडे द्यावी. विकण्याचा विचार असो वा नसो. चौकटीच्या मागें जुनी चिठ्ठी चिकटलेली असली तर ती सोलून काढूं नये. नवी चौकट करतांना बहुधा तीच आधीं जाते.