कार-टी पेशी उपचार

रुग्णाच्या रक्तातल्या टी-पेशी काढून घ्यायच्या, प्रयोगशाळेत त्यांना कर्करोग ओळखायला शिकवायचे, त्यांची संख्या वाढवायची आणि पुन्हा त्याच रुग्णाला द्यायच्या, अशी ही उपचारपद्धती. पेशी नुसत्या वाढवून देण्याचे प्रयोग अमेरिकेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८५ सालीच प्रसिद्ध केले होते. पण त्या पेशींना नेमके लक्ष्य नव्हते. अमेरिकेत पहिल्या कार-टी औषधाला २०१७ साली मान्यता मिळाली. किंमत होती पावणेपाच लाख डॉलर.

भारतातले पहिले कार-टी औषध, नेक्सकार१९, मुंबईत घडले. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने ते विकसित केले, टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांनी रुग्णांवर तपासले. पहिल्या रुग्णाला ते जून २०२१ मध्ये खारघरला दिले गेले, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. तेव्हा किंमत होती चाळीस लाखांच्या घरात, म्हणजे अमेरिकेच्या साधारण दहावा हिस्सा. मोठी झेप आहे ही; तरी शेतकरी कुटुंबाला चाळीस लाखही आवाक्याबाहेरच.

यंत्रातून रक्त फिरवून टी-पेशी वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेला विषाणू त्यांच्यात नवे जनुक सोडतो, मग बी-पेशींवरचे सीडी१९ हे प्रथिन त्यांना ओळखता येते. वाढवलेल्या पेशी गोठवून रुग्णालयात येतात. आधी हलकी केमोथेरपी देतात, मग पिशवी कोमट पाण्यात वितळवून पेशी शिरेवाटे सोडतात. सलाइन चढवावे तसे, काही मिनिटांत काम आटोपते. कसोटीचे दिवस त्यानंतरचे: खवळलेल्या पेशींमुळे तीव्र ताप येतो, रक्तदाब घसरतो, कधी शुद्ध हरपते. म्हणून अतिदक्षता विभाग हाताशी लागतो, आणि पेठ वडगावसारख्या गावातल्या रुग्णाला घरच्यांसह काही आठवडे मोठ्या शहरात मुक्काम करावा लागतो. उपचाराच्या खर्चात हा खर्च कुणी धरत नाही, तो धरायला हवा.

२०२५ साली ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त आलेल्या नेक्सकार१९च्या चाचणीत सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला. हे सारे इतर उपचारांना दाद न दिलेले, बी-पेशींच्या ल्युकेमिया वा लिम्फोमाचे रुग्ण. तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर हे औषध नाही. सरसकट सगळ्या कर्करोगांवर ‘प्रतिकारपेशी वाढवून देतो’ म्हणणाऱ्यांकडे औषध नियंत्रकांची मान्यता आधी मागावी. चीनमध्ये अशाच उपचारानंतर एका विद्यार्थ्याचा २०१६ साली मृत्यू झाला आणि सरकारला रुग्णालयांतला तो व्यवहार थांबवावा लागला.